फुलसावंगीची लाल कालवड

नाशिकहून फुलसावंगीला पोचायला दीड दिवस लागतो. त्यातला रेल्वेचा आणि बसचा भाग सांगण्यासारखा नाही. एवढंच सांगते की हंगामातल्या पहिल्या द्राक्षांच्या दोन पेट्या घेऊन निघाले होते आणि अकोला-दिग्रस बसमध्ये एका गृहस्थाने त्यांच्यावर सरकीच्या ढेपेचं पोतं ठेवलं. दिग्रसला उतरले तेव्हा एका पेटीतून रस गळत होता. गृहस्थ म्हणाले, "बाई, दुसरी तर वाचली ना." हे वऱ्हाडी सांत्वन मी तीस वर्षांत विसरले होते.

मी गेले ते सुमनवहिनींच्या फोनमुळे. वहिनी म्हणजे माझ्या मामेभावाची, बाळूदादाची बायको. फोनवर त्यांनी मोजून तीन गोष्टी सांगितल्या. पल्लवी सुट्टीवर आली आहे. तिच्या बापाने तिचा पासपोर्ट लपवला आहे. आणि तो म्हणतो की तिकडे लाल कालवड आहे म्हणून जायचं नाही.

पल्लवी त्यांची मुलगी, नर्स आहे. इस्रायलमध्ये एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी राहून त्यांची देखभाल करते. युद्ध पेटलं तेव्हाही ती तिथंच होती. आता महिनाभर रजेवर आली होती आणि परतीचं विमान रविवारचं होतं. मी भूगोल शिकवते. जिथे आकाशातून क्षेपणास्त्रं पडतात तिथे पोरीने जाऊ नये, हे माझंही मत होतं; त्याला कालवड कशाला हवी? पण सज्ञान पोरीचा पासपोर्ट लपवणं मला पटलं नाही. शाळेला चार दिवसांची रजा टाकली.

दिग्रस

पुसदची गाडी दुपारची होती, त्यामुळे दिग्रसला तीन तास मिळाले. माझं लहानपण इथलं. वडील कचेरीत कारकून, आणि आमच्या भाड्याच्या दोन खोल्या कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून. हिवाळाभर कापसाचा बारीक भुगा हवेत असे. आई माझ्या वेण्या घालायच्या आधी केस झटकायची. जिनिंगचा भोंगा झाला की भाकरी तव्यावर पडायची. घरात घड्याळ होतं, पण आई त्याच्याकडे पाहत नसे.

ती भिंत आहे. जिनिंग बंद आहे, आत मंगल कार्यालय झालंय. भोंग्याची नळी तशीच उभी, तिच्यावर लग्नाच्या दिव्यांची माळ सोडलेली.

बाजारात हमीदाला शोधलं. हमीदा माझी चौथीपासूनची मैत्रीण, आता बांगड्यांचं दुकान चालवते. तिने आधी माझे हात पाहिले, मोकळी मनगटं बघून तोंड वाकडं केलं आणि न विचारता अर्धा डझन काचेच्या बांगड्या चढवल्या. मग घरून डबा मागवला. डब्यात सांभारवडी होती. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी नाशिकच्या भाजीवाल्याकडे रुपयाचा सांभार मागितला होता, तर त्याने मला समोरच्या उडपी हॉटेलकडे बोट दाखवलं. ही गोष्ट हमीदाला मी दर भेटीत सांगते आणि ती दर भेटीत पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसते.

कशाला आले ते सांगितलं तेव्हा मात्र हसली नाही. कालवडीचं तिला ठाऊक होतं. नातवाने मोबाइलवर दाखवलं होतं. अमेरिकेतून विमानाने लाल कालवडी तिकडे नेल्या, त्यांतली एक जाळून तिची राख झाली की जुन्या देवळाची पुन्हा उभारणी करता येते असं तिथल्या काही लोकांचं मानणं आहे, आणि ते देऊळ व्हायचं तर आज त्या जागी असलेल्या मशिदीचं काय, हा प्रश्न. हमीदा बांगड्यांचे गठ्ठे बांधत म्हणाली, "मेरी अम्मी बोलती थी, कयामत की निशानियाँ पूरी होने को आईं. अम्मी गई, मैं बुढ्ढी हो गई. निशानियाँ अभी भी पूरी होनेकोच आ रही."

थोडं थांबून म्हणाली, "निशानी देखना अलग है, शोभा. निशानी बनाना अलग."

बसस्टँडवर पुसदच्या गाडीची वाट बघताना एक जुनी गोष्ट आठवली. दर दिवाळीनंतर मामा फुलसावंगीहून ज्वारीची दोन पोती आमच्याकडे आणायचा, बसच्या टपावर टाकून. एका वर्षी उलटं झालं. वडिलांनी दिग्रसहून पोतं टपावर चढवलं आणि ते मामाकडे गेलं. मी आईला विचारलं होतं, ज्वारी उलटी का चालली? आई म्हणाली, गप बस. मी गप बसले आणि पुढे पंचेचाळीस वर्षं विचारलंच नाही.

फुलसावंगी

घराच्या बाजूला गोठा, गोठ्यात तीन ढोरं, आणि त्यांत ती. दीड वर्षाची कालवड, शिंगांपासून खुरांपर्यंत एकाच रंगाची, ओल्या विटेसारखी. नाव शेंदरी.

बाळूदादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, आता साठीला टेकलेला. त्याने पाण्याचा तांब्या हातात दिला आणि ख्यालीखुशाली विचारायच्या आत मला शेंदरीजवळ नेलं. म्हणाला, "तुह्ये डोळे चांगले हायेत. पाह्य बरं एखादा पांढरा केस सापडते काय."

मी चष्मा पुसून पाहिलं. कान, गळ्याखालची लोंबती पोळी, शेपटीचा गोंडा. एकही नाही.

"त्यायचा नेम असा हाय," तो सांगू लागला, "दोन केस जरी येगळे निंगाले तर कालवड फेल. अन् मानीवर कवाच जू ठिवेल नसलं पाह्यजे. आता सांग, आपल्याइकडे गाईच्या मानीवर जू कोन ठिवते? आपल्या गावच्या समद्या गाई अर्ध्या पेपरात पास हायेत."

हे सगळं तो हसत सांगत होता, पण पासपोर्टचं विचारलं तेव्हा त्याने शेंदरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "माह्यापाशी हाय. राहू दे."

जेवायला तुरीच्या ओल्या सोल्यांची आमटी, ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरच्यांचा ठेचा होता. नाशिकला तूर म्हणजे पिशवीतली डाळ. शेंग सोलून दाणा खाण्याची चव तिथे कोणाला सांगून समजत नाही. पल्लवीने मला तिसरी भाकरी वाढली. तेवीसची असताना गेली तेव्हा बारीक होती. आता दंड भरले होते. माणूस उचलायचं काम आहे, म्हणाली.

वातावरण हलकं करावं म्हणून मी स्कायलॅबची गोष्ट काढली. एकोणऐंशीच्या पावसाळ्यात अमेरिकेची ती अंतराळातली प्रयोगशाळा कोसळणार होती आणि कुठे पडेल ते कोणी सांगत नव्हतं. आमच्या भागात एकच निष्कर्ष निघाला: जग बुडणार. आईने मला आणि धाकट्या भावाला शाळेतून काढलं आणि माहेरी आणलं. मरायचंच तर फुलसावंगीला मरू, असा तिचा हिशेब. वडील कचेरीतून रजा मिळाली नाही म्हणून दिग्रसलाच राहिले. इथे घरोघर सण. आषाढात पुरणपोळी झाली. ज्यांच्या खुराड्यात कोंबड्या होत्या त्यांनी कोंबड्या कापल्या. मामीने लग्नातलं लुगडं नेसून भाजी निवडली. मी आठ वर्षांची होते आणि तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला आठवडा होता. शाळा नाही, अभ्यास नाही, उद्या नाही.

पल्लवी खूप हसली. वहिनीही हसल्या. बाळूदादा ताटात हात धुऊन उठला आणि बाहेर गेला. मला वाटलं, पोरीच्या काळजीने.

दुसरा दिवस

सकाळी पल्लवीबरोबर शेतावर गेले. कपाशीची शेवटची वेचणी चालू होती. झाडांवर उरलेली बोंडं कवडीएवढी. आम्हीही पोटाला फडकं बांधून वेचायला लागलो. माझी बोटं बोंडांच्या टोकांनी अर्ध्या तासात ओरखडली; पल्लवीचीही. ती म्हणाली, दोघी शहरच्या झालो आत्या.

मी मुद्द्यावर आले. जाऊ नको, म्हटलं. बापाची कालवड सोड, खरं कारण पुरेसं आहे.

तिने सांगितलं ते मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकलं. म्हणाली, तुम्ही कालवड वेगळी आणि क्षेपणास्त्र वेगळं समजता. तसं नाही. ती ज्या आजींना सांभाळते त्यांचा नातू त्या कालवडी बघायला मित्रांबरोबर जाऊन आला. त्याला खात्री आहे की आता फार दिवस नाहीत. तिथे अमेरिकेहून आलेल्या भाविकांच्या गाड्या येतात, ते लोकही आनंदाने फोटो काढतात, कारण त्यांच्या, ख्रिस्ती धर्मातल्या शेवटाचीही हीच सुरुवात. नातवाच्या गोष्टीचा शेवट आणि पाहुण्यांच्या गोष्टीचा शेवट एक नाही. पाहुण्यांच्या शेवटात नातवाला जागा नाही, निदान आज आहे तसा, ज्यू म्हणून तरी नाही. पण अर्धा रस्ता एकच आहे म्हणून दोघं एका गाडीत बसलेत. त्या गाडीवाल्यांची मतं मोजली जातात, ते देणग्या देतात, आणि त्यांना दुखवायला पुढारी घाबरतात. तिकडे समोरच्या बाजूचे लोक त्याच कालवडींचा उल्लेख भाषणात करतात: बघा, आपली मशीद पाडायची तयारी. तेही लढायला निघतात.

"आणि आपल्याकडे?" मी विचारलं.

तिने मोबाइल काढून गावातल्या ग्रुपवरचा एक निरोप दाखवला. हे सगळं म्हणजे कलियुगाच्या शेवटाची लढाई, शेवटचा अवतार जवळ आला, दहा जणांना पाठवा. खाली हात जोडलेली बरीच चित्रं होती.

"सगळे शेवटाची वाट पाहून राह्यले आत्या. कोणी घाबरून नाही. खुशीनं."

आणि आजी काय म्हणतात, विचारलं. पल्लवीने ओटीतला कापूस पोत्यात रिकामा केला. "आजी नातवाला म्हणतात, तुला शेवट कधी येणार ते माहीत आहे. माझी सकाळची गोळी किती वाजताची ते माहीत आहे का?"

दुपारी बाळूदादा गोठ्यात दावं वळत बसला होता. मी शेजारी बसले आणि सरळ बोलले. म्हटलं, दादा, तू शिकलेला माणूस. लेकीला अडवायचं तर क्षेपणास्त्राचं नाव घे. एका गाईच्या रंगाने जग बुडतं असं म्हणू नको, लोक हसतील.

तो सुंभाला पीळ देत राहिला. मग म्हणाला, "मी कालवडीले नाई भेत, शोभा. कालवडीवर ज्यायचा इस्वास हाय त्यायले भेतो."

त्याने दाव्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं.

"काल तू स्कायलॅब सांगतलं. पुरनपोळीवर थांबली. पुढचं तुले माहीत नाई काय?"

मला खरंच माहीत नव्हतं. वडिलांना एकटं मरू द्यायला जीव होईना म्हणून आई आम्हाला पडायच्या आदल्या पहाटेच गाडीने दिग्रसला घेऊन गेली होती.

तो सांगत गेला. पडायच्या आदल्या दिवशी मामाने, म्हणजे त्याच्या बापाने, ओट्यावर बसून म्हटलं होतं, आपलं जे होईल ते होईल, पण बांधलेलं कोनी मरू नये. मुक्या जनावराचं दावं तरी सोडून द्यावं. दहा वर्षांच्या बाळूला ते इतकं बरोबर वाटलं की त्याने आपलाच गोठा सोडला नाही, आळीतला प्रत्येक गोठा सोडला. कोणी अडवलं नाही. एकेक बाई ढोराच्या कपाळाला कुंकू लावून पाया पडली. सकाळ झाली. आकाशातून काही पडलं नाही. ती प्रयोगशाळा दूर कुठे समुद्रात आणि परक्या देशात पडली. आणि गावची सगळी ढोरं गुडघाभर आलेल्या ज्वारीत उभी होती. कोवळी ज्वारी ढोराला बाधते. दुपारपर्यंत पाच ढोरं फुगून मेली, त्यांत मामाची तांबडी गाय. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला वंश होता तो. उरलेल्यांनी शिवार संपवलं. दुबार पेरणी साधली नाही.

"आभायातून काईच आलं नाई," बाळूदादा म्हणाला. "जे गेलं ते आमच्या हातानं. जग बुडते असं समजून मानूस जे करते ना, त्याच्यानं बुडते."

ज्वारीचं ते उलटं गेलेलं पोतं मला तेव्हा समजलं. आईचं गप बस समजलं. माझा सर्वांत चांगला आठवडा इथे पाच ढोरं मारून गेला होता, आणि हा माणूस ते ओझं पंचेचाळीस वर्षं एकटा वागवत होता. मी त्याला अडाणी समजून नाशिकहून द्राक्षं घेऊन समजवायला आले होते.

"म्हनून मी आता दावं नाई सोडत," तो म्हणाला. "पोरगी इथंच राहील."

पल्लवी दारात उभी होती. किती ऐकलं होतं कोणास ठाऊक. तिने स्कायलॅबचा विषय काढला नाही. आवाजही चढवला नाही. तिथे भोंगा झाला की दीड मिनिटात तळघरात जायचं असतं, म्हणाली. आजींच्या घरापासून खाली अठरा पायऱ्या. आजींचे पाय चालत नाहीत. पल्लवी त्यांना पाठीवर घेऊन उतरते. आता शेजारची बाई येऊन-जाऊन बघते, पण तिला त्या उचलवत नाहीत.

"मी नाही गेली तर भोंगा झाल्यावर आजी पलंगावरच राह्यते, बाबा. बांधल्यासारखी."

तिला तो शब्द तसाच सुचला होता. आजोबांचं वाक्य तिला माहीत असेल असं मला वाटत नाही. बाळूदादाचा हात थांबला. अर्धं वळलेलं दावं त्याच्या पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं होतं, ते त्याने सोडलं आणि पीळ आपोआप उलगडत गेला. शेंदरीने मान वळवून पाहिलं.

त्याने अंगावरचा सुंभाचा भुसा झटकला. मग उठला, गोठ्याच्या आढ्यात हात घातला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पासपोर्ट काढला. पिशवीवर धूळ आणि चिमणीच्या घरट्याच्या काड्या होत्या. पल्लवीच्या हातात देताना म्हणाला, "पयल्यांदा तिले खाली ने. मंग तू."

"दोघी संगंच असतो बाबा. पाठीवर असते ना ती."

"हाव. तेच म्हनतो मी."

परत

शनिवारी सकाळी निघालो. वहिनींनी रडणं वगैरे काही केलं नाही, मेथीच्या लाडवांचा डबा भरला, त्यावर दुसरा डबा ठेवला आणि म्हणाल्या, "हा आजीचा. दात नसतील तर दुधात कुस्करून दे." माझी वाचलेली द्राक्षं शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून झाली होती. पुसदपर्यंत पल्लवी आणि मी बरोबर होतो. तिथून ती नागपूरच्या गाडीत बसली. मी तिला जा म्हटलं नाही आणि राहा म्हटलं नाही. चार दिवसांपूर्वी माझ्याकडे या प्रश्नाचं उत्तर होतं. तिने खिडकीतून हात काढून माझ्या काचेच्या बांगड्या वाजवल्या, इतकंच.

दिग्रसला गाडी थांबली. खिडकीतून भोंग्याची नळी दिसली. तिच्यावरची दिव्यांची माळ दिवसाही चालू ठेवली होती.

आता तीन आठवडे झाले. मंगळवारी पल्लवीचा फोन आला. परवा एकदा भोंगा झाला, आजी लाडू हातात धरूनच पाठीवर बसली, खाली गेल्यावर खाल्ला. बाबाला सांगू नका आत्या, म्हणाली. बुधवारी बाळूदादाचा आला. तिकडे भोंगा झाला होता, त्याने बातम्यांत पाहिलं. पोरगी सांगत नाही, तूही तिला विचारू नको, म्हणाला. मी दोघांना बरं म्हटलं.

मग त्याने विचारलं, तिकडच्या कालवडीला पांढरा केस निघाल्याचं कुठे वाचलंस का. मी म्हटलं, नाही.

"आपल्या शेंदरीले निंगाले," तो म्हणाला. "डाव्या कानामांगं. दोन."

डावा कान मी चष्मा पुसून पाहिला होता; तिथे एकही नव्हता.

"बरं झालं," मी म्हटलं. "आता दावं नीट बांध आणि जेवून घे."